नागपूरहून सकाळी कऱ्हांडला, दुपारी पवनी

पाहुणे आले आणि त्यांना जंगल बघायचं असलं की नागपूरकर ताडोबा नाहीतर पेंचचं नाव घेतात. माझी पसंती मात्र उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याला. एकच रविवार मोकळा असेल आणि सोमवारी शाळा-ऑफिस असेल, तर याहून सोयीची सफारी नागपूरजवळ नाही. कऱ्हांडला गेट उमरेड रोडने साधारण साठ किलोमीटर. पहाटे घरून निघालं की सकाळची फेरी मिळते आणि मुक्कामाचा खर्च पूर्ण वाचतो.

मुक्काम टाळावा असं मी मुद्दाम सांगते. एकदा जंगलाला लागूनच असलेल्या एका रिसॉर्टमध्ये राहिलो होतो. तिथे रात्री उशिरापर्यंत लॉनवर डीजे चालला होता. ज्या जनावरांसाठी लोक एवढ्या लांबून येतात, त्यांच्या उशाशी हा धिंगाणा! तेव्हापासून आम्ही घरीच झोपतो, चारला उठतो आणि थर्मासमध्ये चहा घेऊन निघतो.

या वेळी फेब्रुवारीत सासऱ्यांना घेऊन गेलो. जिप्सीत पुढच्या रांगेत त्यांना बसवलं, कारण मागच्या सीटवर गचके फार बसतात. पळस नुकता फुलायला लागला होता. सकाळी उघड्या गाडीत थंडी अंगाला झोंबते. स्वेटरवर कानटोपी हवीच.

गाइड जवळच्याच गावातला तरुण. या फेरीचे पैसे वसूल झाले ते त्याच्यामुळे. आत शिरल्यावर थोड्याच वेळात त्याने गाडी थांबवली आणि सगळ्यांना धुळीतली सायकलची चाकोरी दाखवली. पहाटे वनमजूर गस्तीला गेला होता, त्याच्या सायकलची ती खूण. आणि तिच्या बरोबर वर वाघाचा पंजा उमटलेला. म्हणजे सायकल गेल्यानंतर वाघ इथून ओलांडला होता. पुढे पाणवठ्याजवळ लंगूर खाकरायला लागले, मग एका सांबराने दोनदा धोक्याचा कॉल दिला. सासरे अधीर झाले, तर गाइड हळूच म्हणाला, “काका, थोडं थांबू. सांबर उगाच नाही ओरडत.” ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. दुसऱ्या जिप्सीतले लोक हातवारे करून पुढे बोलवत होते, पण आमचा ड्रायव्हर जागचा हलला नाही.

वाघ बाहेर आला नाही. मला त्याचं दुःख नाही, कारण तेवढ्या वेळात चितळांचा अख्खा कळप कान टवकारून एकाच दिशेला बघताना पाहिला. नंतर रानगवे दिसले, रोही म्हणजे नीलगायी दिसल्या. सासरे शेतकरी. रोह्यांनी त्यांच्या तुरीचं वाटोळं केलेलं आहे, तरी त्यांनी त्यातला नर डोळे भरून पाहिला.

ड्रायव्हरच्या या संयमाची किंमत कळायची असेल तर ३१ डिसेंबर २०२४ आठवावा. याच अभयारण्यात गोठणगावच्या भागात पर्यटकांच्या जिप्सींनी एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट अडवली होती. व्हिडिओ सगळीकडे फिरला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाइड आणि ड्रायव्हरांवर कारवाई झाली. ती व्हायलाच हवी होती. पण जिप्सीत बसून “अजून जवळ घ्या ना” म्हणणारे आपणच असतो. वाघाचा फोटो मिळेलच या हमीवर कुणी सफारी विकत असेल, तर तिथे जाऊच नका.

हे अभयारण्य २०१२ मध्ये जाहीर झालं, १८९ चौरस किलोमीटरचं. ते प्रसिद्ध झालं जय नावाच्या वाघामुळे. नागझिऱ्याहून शेतं, रस्ते ओलांडत तो इथे आला आणि २०१६ मध्ये दिसेनासा झाला. त्याचा मुलगा श्रीनिवास पुढच्याच वर्षी नागभीडकडे विजेच्या तारेने मेला. हे सांगताना गाइडचा आवाज उतरला होता. ताडोबा, नागझिरा, पेंच यांच्यामधला हा जंगलाचा तुकडा वाघांच्या येण्याजाण्याचा रस्ता आहे. इथे येणाऱ्याला एवढं तरी कळायला हवं, आणि गाइडने ते आपणहून सांगितलं म्हणून मी त्याला पैकीच्या पैकी मार्क देते.

फेरी संपल्यावर लगेच परतू नका. तसंच पुढे भिवापूरला गेलं की भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालेली भिवापुरी मिरची मिळते. आम्ही वर्षाच्या तिखटाची घेतली. तिथून पवनी. गावाचा जुना दरवाजा आणि तटबंदी बघा, आणि जगन्नाथ टेकडीवर जा. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व विभागाने तिथे उत्खनन करून बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आणले. वैनगंगेच्या काठावर डबे उघडले. घरची भाकरी आणि झुणका न्या, म्हणजे हॉटेल शोधत फिरावं लागत नाही.

बुकिंग ऑनलाइन होतं. शनिवार-रविवारसाठी बरंच आधी करा आणि सगळ्यांची मूळ ओळखपत्रं सोबत ठेवा. एका जिप्सीत सहा जण बसतात, त्यामुळे दोन घरांनी मिळून जाणं परवडतं. वयस्कर माणसं असतील तर मे महिन्यातली दुपारची फेरी घेऊ नका. उघड्या गाडीत ते ऊन त्यांना सोसणार नाही.