जुन्या गाडीत जाड ऑइल की पातळ?

नागपुरात कुठल्याही मिस्त्रीला विचारा, जुन्या गाडीसाठी उत्तर ठरलेलं: "इथल्या उन्हात जाडंच टाका भाऊ, २०डब्ल्यू-५०." दुकानदार मात्र सिंथेटिकचा, म्हणजे कारखान्यात घडवलेल्या महाग ऑइलचा, डबा पुढे सरकवतो. दोघांचंही अर्धंच खरं.

आधी उन्हाचं बघू. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या तापलेल्या नऊ दिवसांत, बाहेर ४५ अंश असले तरी थर्मोस्टॅट इंजिनातलं पाणी नव्वदच्या आसपासच ठेवतो. त्यामुळे बुटीबोरीच्या रस्त्यावर मे आणि जानेवारीत वाटतो तितका फरक पडत नाही. ऑइल खरं तापतं ते व्हरायटी चौकात एसी लावून अडकल्यावर. डब्यावरचा शेवटचा आकडा, ३०, ४० किंवा ५०, गरम इंजिनात ऑइल किती जाड राहील ते सांगतो. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड स्टार्टचा. २०डब्ल्यूची चाचणीच उणे १५-२० अंशांना होते, आणि आपली डिसेंबरची पहाट आठ-दहा अंशांची. पातळ ऑइल सकाळी इंजिनात वर लवकर चढतं हे खरं, पण निव्वळ थंडीसाठी ०डब्ल्यू घेणं म्हणजे नागपुरात हिटर घेणं.

मिनरल, म्हणजे साधं, २०डब्ल्यू-५० स्वस्त, पण साधारण ५,००० किलोमीटरला बदलावं लागतं. सेमी-सिंथेटिक, म्हणजे दोन्हींचं मिश्रण, १०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४० थोडं महाग, पण उष्णतेत जास्त टिकतं. फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-३० सगळ्यात महाग. "१०,००० चालतं" हा त्याचा मोठा मुद्दा, पण धरमपेठ ते सीताबर्डी एवढंच रोजचं फिरणं असेल तर तो कामाचा नाही. इतक्या अंतरात ऑइल नीट तापत नाही, ओल आणि पेट्रोल त्यातच राहतं. अशा गाडीचं ऑइल किलोमीटर न बघता वर्षाला बदलायचं. मग महागडं ऑइल अर्ध्यातच फेकावं लागतं.

"सिंथेटिकने सील (ऑइल बाहेर येऊ न देणाऱ्या रबरी कड्या) गळतात" ही भीती जुन्या काळातल्या सिंथेटिकमुळे पसरली. आताचं ऑइल धड असलेलं सील खराब करत नाही. मात्र झिजलेल्या सीलची फट वर्षानुवर्षांच्या गाळाने बुजली असेल आणि नव्या ऑइलने तो गाळ धुतला, तर गळती दिसायला लागते. माझ्या जुन्या मारुती आठशेत एका दुकानदाराच्या आग्रहाने ५डब्ल्यू-३० टाकलं होतं. दोन महिन्यांत पार्किंगमध्ये काळे ठिपके, डिपस्टिकवर (पातळी बघायच्या पट्टीवर) ऑइल खालच्या खुणेला. १५डब्ल्यू-४० वर आलो, तेव्हा ठिपके कमी झाले. बंद काही झाले नाहीत, शेवटी सील बदललंच.

म्हणून डबा घेण्याआधी गाडीचं मॅन्युअल बघा, आणि मग डिपस्टिक. सपाट जागेवर, सकाळी स्टार्ट करण्याआधी पातळी बघा, १,००० किलोमीटरने पुन्हा बघा. फारशी उतरली नसेल तर मॅन्युअलमध्ये बसणारं सेमी-सिंथेटिक ४०, माझं मत तिकडेच. निळसर धूर असेल, ऑइल सारखं टाकावं लागत असेल आणि मॅन्युअल चालवून घेत असेल, तर मिस्त्रीचं २०डब्ल्यू-५० बरोबर. मॅन्युअलमध्येच ५डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर वय झालं म्हणून एकदम ५० वर उडी मारू नका. अशा इंजिनात ऑइलच्या वाटा अरुंद असतात.

ऑइल काळं झालं म्हणून घाबरायचं नाही, गाळ धरून ठेवणं हे त्याचं कामच. डिझेल गाडीवाल्यांनी मात्र डब्यावर डिझेलची ग्रेड आहे की नाही तेवढं वाचून घ्या.