हवेचा पंप घेताना : लायटरचा, चिमट्यांचा की चार्जिंगचा?

इंदूरजवळ चोरल नदीकाठच्या गोट्यांवर किंवा जानापावच्या कच्च्या वाटांवर गाडी घालायची तर चाकांतली हवा उतरवावी लागते, हे थार-जिम्नीसारख्या फोर-बाय-फोर गाड्यावाल्यांना वेगळं सांगायला नको. उतरवणं सोपं असतं. वॉल्व्हची पिन दाबून बसलं की झालं. खरा प्रश्न परतताना येतो. १८ पीएसआयवर (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) गाडी सिमरोलपर्यंत रमतगमत येईल, पण त्याच हवेवर खंडवा रोडला ऐंशीचा वेग धरलात तर टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दुमडते आणि तापत जाते. टायर फुटायला तेवढं पुरतं. पेट्रोल पंपाचं हवेचं मशीन सुरू असेलच याचीही खात्री नसते. म्हणून पंप डिकीत हवा, यावर आपल्यात वाद नसावा. वाद आहे तो कुठला घ्यावा यावर.

आमच्या घरात आणि गोतावळ्यात मिळून तिन्ही जातींचे पंप आहेत. गाडीतल्या सिगारेट-लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसायचा छोटा पंप, बॅटरीला चिमटे लावून चालवायचा मध्यम वजनाचा पंप आणि मोबाइलसारखा चार्ज करायचा, बिनवायरीचा. तिन्ही मी थारवर वापरलेत, आणि भाच्याच्या जिम्नीवरही. मोजमाप म्हणाल तर हातात घड्याळ धरून बसलो नाही, त्यामुळे हे सगळं एका वापरणाऱ्याचं मत समजा.

आधी खोक्यावरच्या आकड्यांबद्दल. मोठ्या अक्षरात १५० पीएसआय छापलेलं असतं, त्याकडे बघू नका. आपल्याला जायचंय तीस-बत्तीसपर्यंत. बघायचं ते मिनिटाला किती लिटर हवा देतो हे, आणि तोही आकडा बहुतेकदा नळी मोकळी सोडून काढलेला असतो. चाकात हवा भरत गेली की समोरचा दाब वाढतो आणि पंपाचा वेग उतरतो. दुसरं, बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की सलग किती मिनिटं चालवायचा आणि मग किती वेळ थंड होऊ द्यायचा. हे मात्र वाचाच. जिम्नीचं चाक १९५/८० आर १५, माझ्या थारचं २५५/६५ आर १८. थारच्या एका चाकात जिम्नीच्या साधारण दीडपट हवा मावते. त्यामुळे जिम्नीवाल्याने ‘मस्त चालतो’ म्हटलेला पंप थारवाल्याला मस्त चालेलच असं नाही.

बिनवायरीचा पंप माझ्या धाकट्या मेहुण्याने आणला. गोष्ट खोटी नाही, वस्तू देखणी आहे. आकडा लावून ठेवा, तिथे पोचला की आपोआप थांबतो. स्कूटर, पोरांची सायकल, शहरातल्या गाडीत दोन-तीन पीएसआयची भर, या कामांना मी दुसरा कुठलाच सुचवणार नाही. पण १८ वरून ३२ वर चार चाकं न्यायची म्हटलं की त्याचा जीव छोटा पडतो. जिम्नीचं काम एका चार्जिंगवर कसंबसं आटोपलं. थारच्या वेळी तिसऱ्या चाकावर त्याने मान टाकली. आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असताना बंद डिकीत लिथियमची बॅटरी ठेवून द्यायला मला तरी धीर होत नाही. घरी न्या, चार्ज करा, आठवणीने परत ठेवा. निघायच्या सकाळी पराठे बांधायचे की पंप शोधायचा?

आता लायटरचा. स्वस्त, हलका, सगळीकडे मिळतो, आणि ज्यांचं जाणं मांडू-महेश्वरपुरतं डांबरी आहे त्यांनी खुशाल घ्यावा. बहुतेक गाड्यांत त्या सॉकेटचा फ्यूज १० किंवा १५ अँपिअरचा असतो. १२ व्होल्टच्या हिशेबाने फार तर १८० वॉट. त्याहून जास्त ताकद त्या भोकातून निघूच शकत नाही, मग पंपावर काहीही लिहिलेलं असो. त्यामुळे तो सावकाश चालतो. एक चाक भरेपर्यंत पोरं शेवेचं पाकीट संपवून दुसरं मागतात. चालायचंच, जंगलात घाई कसली.

माझं बिनसलं ते वेगावरून नाही. नोझलवरून बिनसलं.

या पंपांची नळी आखूड असते, हातभर किंवा थोडी जास्त, आणि टोकाला पितळी तोंड, आट्यांचं. वॉल्व्हवर फिरवून बसवायचं. हवा दाबली की ती तापते, हे सायकलचा पंप मारलेल्या कुणालाही ठाऊक आहे. इथे सिलिंडर अंगठ्याएवढा, तो फडफडत चालतो, आणि आखूड नळीतून ती गरम हवा थंड व्हायला वावच मिळत नाही. सगळी उष्णता थेट त्या पितळी तोंडात येऊन बसते. चाक भरलं, पंप बंद केला, आता नोझल काढायचं. हात लावला की चटका. रुमाल गुंडाळून फिरवायला जावं तर रुमाल घसरतो, बारीक दाते पकडीत येत नाहीत, आणि तोंडाबरोबर रबरी वॉल्व्हही पिळला जातो. एक आटा सुटला की फुस्स सुरू. उरलेले तीन-चार आटे सुटेपर्यंत हवा जातच राहते, आणि बोटं पोळत असल्यामुळे हात नेमका तेव्हाच आखडतो. ३२ भरलेलं चाक २९ वर येतं. मग ३५ भरा म्हणजे ३२ उरेल, असा अंदाजपंचे कारभार. चारही चाकांत चार आकडे. पुढच्या डाव्या आणि उजव्या चाकात तीन पीएसआयचा फरक असला की भेरूघाटात ब्रेक मारताना स्टिअरिंग हाताला सांगतंच.

यावर लोक खटक्याचं नोझल बसवून घेतात. दाबलं की बसतं, उचललं की सुटतं. बरं पडतं ते. पण नळी तीच आखूड असल्याने तापायचं काही थांबत नाही, आणि तापलेल्या खटक्याचं रबर लवकर ढिलं पडतं, असं माझं निरीक्षण.

चिमट्यांच्या पंपात हाच भाग सुटलेला आहे. विजेची वायर बॅटरीपासून, आणि पंपापासून पुढे चार-पाच मीटरची गुंडाळीची नळी. हवा तेवढा प्रवास करून चाकाशी येते तोवर निवलेली असते. पंपाचं डोकं हात लावू नये इतकं गरम, पण नोझल हातात धरून गप्पा मारता येतात. निवांतपणे, एका झटक्यात काढता येतं. व्हायएअर कंपनीचा ८८पी हा या जातीतला जगभर ओळखला जाणारा नमुना. त्याच धर्तीचे इतरही बरेच बाजारात आहेत, आणि माझा त्यातलाच एक.

लांब नळीचा दुसरा फायदा लगेच कळत नाही. थार आणि पाच दारांची जिम्नी, दोन्ही चार मीटरच्या आतल्या गाड्या. पंप पुढच्या चाकाशी ठेवला तरी मागची दोन्ही चाकं नळीच्या टप्प्यात येतात. मागच्या दारावर टांगलेली स्टेपनीसुद्धा. तिच्यात हवा आहे का हे पंक्चर होईपर्यंत कुणी बघत नाही, तेवढं या निमित्ताने बघितलं जातं.

त्रास याचेही आहेत. बॉनेट उघडावं लागतं. लाल चिमटा अधिक टोकावर, काळा उणे टोकावर, हे अंधारात टॉर्च तोंडात धरून करावं लागतं. इंजिन चालू ठेवायचं, म्हणजे बॅटरी उतरत नाही आणि मोटरला साडेतेरा-चौदा व्होल्ट मिळून ती जोमाने फिरते. थरथरीने चिमटा सरकतो, तेव्हा आधीच घट्ट बसवा. वजन हाताला जाणवतं, आणि आवाज तर विचारू नका. खाली पोतं अंथरल्याशिवाय ठेवू नका, माळव्यातली ती काळी धूळ फिल्टरमध्ये ओढली जाते. पावसात हे सगळं आणखी नकोसं होतं. पण पावसात ओल्या काळ्या मातीत गाडी घालायचीच कशाला? तिथे चाक आधी चिखलाने लिंपून गुळगुळीत होतं, मग हवा कमी करा नाहीतर जास्त.

दोन सिलिंडरवाल्या मोठ्या पंपांबद्दल थोडक्यात. एआरबी कंपनीचा जोड-सिलिंडर पंप एका मित्राच्या गाडीत कायमचा बसवलेला आहे. चहा गाळून होईस्तोवर चाक तयार. किंमत ऐकून मात्र घरी समजूत काढावी लागते. पाच-सहा गाड्या मिळून जाणार असाल तर एकाकडे असला म्हणजे झालं, आणि त्या एकाला जेवण आपण द्यावं.

चाकांत हवेऐवजी नायट्रोजन भरून घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. जंगलात साधी हवा भरली म्हणून टायरचं काही बिघडत नाही, त्यावरून पंप घ्यायचं टाळू नका.

पंपावरच्या काट्यावर मात्र कुठल्याही जातीत विसंबू नये. पंप चालू असताना काटा नळीतला दाब दाखवतो, चाकातला नाही. बंद करून मग वाचा, आणि शक्यतो खिशातल्या वेगळ्या गेजने. शिवाय चाक तापलेलं असतं. दर पाच-सहा अंशांना साधारण एक पीएसआय चढतो, त्यामुळे दुपारचे ३२ दुसऱ्या दिवशी सकाळी तीसच्या खाली दिसले तर पंपाला शिव्या देऊ नका.

जिम्नी असेल आणि महिन्या-दोन महिन्यांतून एकदाच कच्च्यात उतरत असाल तर लायटरचाही चालून जाईल, फक्त सोबत जाड कातडी हातमोजा ठेवा. थार, किंवा मोठे टायर घातलेली कुठलीही गाडी असेल तर मी तरी चिमट्यांच्याच बाजूने आहे. इंदूरच्या सियागंज बाजारात किंवा जिथून घ्याल तिथे खोकं उघडायला लावा. नळी पूर्ण सोडून तुमच्याच गाडीच्या मागच्या चाकापर्यंत पोचते का बघा, आणि जमलं तर तिथेच एक चाक १८ वर उतरवून परत भरून घ्या. मग पंप बंद करून लगेच नोझलला हात लावा. दुकानदार तोंड वाकडं करेल. करू दे, पोळणारी बोटं त्याची नसतात.