चौदाची स्प्रिंग, न घेतलेली विंच आणि एक पाना

थारला कॉइलओव्हर, म्हणजे शॉकअपवरच चढवलेली स्प्रिंग, बसवून आठ महिने झाले, अकरा हजार किलोमीटर. किटचा ब्रँड सांगत नाही, भांडण अजून मिटलेलं नाही.

मुख्य तक्रार आधी. खोक्यात स्प्रिंगला आधार देणारी आट्यांची रिंग फिरवायचा पाना नव्हता! एवढे पैसे मोजून पाना नाही. मागितला तर म्हणे, "तो वेगळा येतो, साडेआठशे." मी घेतला नाही.

दुकानदाराने पुढच्या चाकांना १४ किलो प्रति मिलीमीटरच्या स्प्रिंगा दिल्या, म्हणजे एक मिलीमीटर दबायला १४ किलो लागणाऱ्या, कारण "उद्या विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं दोराचं यंत्र) लावाल, नाक बसायला नको." विंच मी घेतलेली नाही, घेणारही नाही, दोन मित्रांकडे आहे. पहिला महिना मात्र मी खूश होतो. सातारा रस्त्यावर कचकन ब्रेक मारला तरी नाक खाली जात नव्हतं. दिसेल त्याला कौतुक सांगितलं. ते सगळं मागे घेतो.

पावसाळ्यात ताम्हिणीच्या अलीकडे एका चिखलवाटेवर डावं पुढचं चाक खड्ड्यात उतरायचं सोडून हवेतच गरगरत राहिलं. गावातला प्रत्येक स्पीडब्रेकर थेट मणक्यात. दुकानात उत्तर एकच: "बसू द्या, दोन हजार किलोमीटरांत मऊ पडतं." तीन हजार झाले. मग मी शॉकअपवर संशय घेतला, त्याचा कडकपणा ठरवणाऱ्या बटणाचे क्लिक कमी केले, फरक शून्य. मग रिंग उतरवली. पाना नाही म्हणून छिन्नी-हातोडीने, आणि आट्यांत लाल चिखल सिमेंटसारखा बसलेला. रिंगवर दोन खाचा कायमच्या पडल्या. नाक दोन बोटं खाली आलं, दणके तसेच. रिंगने उंची बदलते, स्प्रिंगचा कडकपणा नाही, हे ज्ञान मला त्या खाचांच्या किमतीत मिळालं.

शेवटी टेप घेऊन बसलो. गाडी स्टँडवर, खालच्या आर्मखाली जॅक. चाक ५० मिलीमीटर वर गेलं तेव्हा शॉकअप ३० च आखडला. म्हणजे प्रमाण ०.६, आणि स्प्रिंगचा कडकपणा चाकापाशी किती उरतो याचा हिशोब लागतो त्याच्या वर्गाने, ०.३६. चौदाची स्प्रिंग चाकापाशी पाचची उरते, त्याऐवजी दहाची घेतली तर ३.६ ची. मग उसाच्या ट्रॉल्यांमागे रांग लावून वजनकाट्यावर फक्त पुढची चाकं चढवली: ९६० किलो. शंभर रुपये गेले. एका बाजूचे ४८०, त्यातून चाक-ब्रेक-आर्मचे पन्नासेक वजा, उरले ४३०. प्रीलोड, म्हणजे रिंगने स्प्रिंग आधीच दाबून ठेवणं, नसेल तर चौदावर चाक स्वतःच्या जागी साडेआठ सेंटीमीटर दबून उभं राहतं, दहावर बारा. खड्डा आला की खाली उतरायला तेवढंच अंतर हाताशी. ताम्हिणीतलं ते चाक लोंबकळलं ते या साडेतीन सेंटीमीटरांनी.

आता ती विंच. ४० किलो धरा, चाकामागे वीस. दहाच्या स्प्रिंगवर नाक बसलं असतं साडेपाच मिलीमीटर. बंपरपुढे लटकते म्हणून सात-आठ म्हणा. एवढ्यासाठी मला चौदा गळ्यात मारली!

पुढच्या चाकांना दहाच्या घातल्या, रिबाउंड (दबलेली स्प्रिंग उसळताना शॉकअप करतो तो विरोध) दोन क्लिक सैल केला. घाटात गाडी आता जरा जास्त झुकते, ब्रेकला नाक वाकतं. बायको मात्र मागच्या आठवड्यात वरंध घाटात झोपली, यापूर्वी कधी झोपली नव्हती. मागच्या स्प्रिंगांना हात लावला नाही, त्या ठीक आहेत.

चौदाची जोडी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर आहे. गाडीच्या तोंडावर खरोखरच लोखंडी बंपर, विंच, स्किड प्लेट असं दीड-दोनशे किलो चढवलं असेल तर निम्म्या किमतीत देईन. पाना मिळणार नाही.