बोटीवर भाषांतर ॲप: 'साउंड'शी गाठ पडली की सांभाळा

फिशफाइंडरची, म्हणजे पाण्याखालचे मासे नि खोली दाखवणाऱ्या यंत्राची, पुस्तिका इंग्रजीत येते, त्यामुळे रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापासून मालवणपर्यंत फोनचा कॅमेरा पानावर धरून मराठी वाचणं आता सर्रास झालंय. फुकटातलं ॲप म्हणून काम बरं आहे. बटणांची नावं, वायरिंगच्या सूचना समजण्यापुरत्या उतरतात. पाचपैकी तीन तारे. दोन कापले ते एका 'साउंड'पायी.

नकाशावरच्या 'साउंडिंग्ज इन मीटर्स'चं ॲप 'मीटरमध्ये आवाज' करतं. तिथे अर्थ आहे पाण्याची खोली. इंग्रजीत वेगवेगळ्या कुळांतले शब्द एकाच स्पेलिंगवर येऊन बसलेत: आवाजाचा लॅटिनमधून, खोली मोजण्याचा फ्रेंचमधून, धडधाकट या अर्थाचा जुन्या इंग्रजीतून. सामुद्रधुनीलाही 'साउंड' म्हणतात, पण ते आपल्या कामाचं नाही. सुटा शब्द दिसला की ॲप सर्वांत वापरातला अर्थ उचलतं.

खरी फसगत 'इको साउंडर'मध्ये. हे यंत्र ध्वनी सोडूनच खोली मोजतं, म्हणून 'आवाज' वाचून कुणाला शंकाही येत नाही. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो; प्रतिध्वनी ०.१ सेकंदात परतला तर जाऊन-येऊन १५० मीटर, म्हणून खोली निम्मी, ७५ मीटर, म्हणजे सुमारे ४१ वाव. ही खोली सेन्सरपासूनची. सेन्सर पाण्याखाली मीटरभर असेल तर तेवढं मिळवायचं, नाहीतर आकडा नकाशाशी जुळत नाही. वर नकाशातली खोली ओहोटीच्या नीचांकी पातळीवरून धरलेली असते, त्यामुळे भरतीचं पाणीही हिशेबात घ्या.

विम्याच्या सर्व्हे रिपोर्टात 'हल साउंड' म्हणजे सांगाडा मजबूत. ॲप तिथे सांगाड्याला बोलतं करतं! 'साउंड सिग्नल'ला मात्र ते बरोबर: धुक्यात मासेमारी करणाऱ्या बोटीने जास्तीत जास्त दोन मिनिटांच्या अंतराने एक लांब, दोन आखूड भोंगे द्यायचे.

उपाय एकच, शब्द सुटा देऊ नका. पूर्ण वाक्य कॅमेऱ्यात घ्या. वाक्य नसेल तर पुढे 'वॉटर डेप्थ' किंवा 'हल कंडिशन' टाइप करा. खाडीबाहेर रेंज जाते म्हणून मराठीचा ऑफलाइन संच धक्क्यावरच उतरवून ठेवा. ऑफलाइनमध्ये चुका आणखी वाढतात, तेव्हा लागणारी पानं आदल्या दिवशीच भाषांतरून, तपासून त्यांचे फोटो फोनमध्ये ठेवलेले बरे.