जुन्या पिकअपच्या डॅशबोर्डवरील एबीएस प्लास्टिकचे आवरण : एक परीक्षण

वर्षानुवर्षे उन्हात तापून पिकअपच्या डॅशबोर्डचे व्हिनाइल मऊपणा गमावते, आकसते आणि काचेलगतच्या हवेच्या झरोक्यांपासून तडकू लागते. अशा वेळी संपूर्ण डॅशबोर्ड बदलण्याऐवजी मूळ भागावर चिकटवायचे साच्यातील एबीएस प्लास्टिकचे आवरण मी निवडले. संपूर्ण बदलासाठी स्टीअरिंगचा दांडा खाली घ्यावा लागतो, वायरिंगचे जोड सोडवावे लागतात आणि एअरबॅग असल्यास बॅटरी काढून काही काळ थांबावे लागते. आवरणाला यांतले काहीच लागत नाही.

झरोके आणि स्पीकरच्या जाळ्या यांच्याशी आवरण अचूक जुळले, मात्र काचेकडील कोपऱ्यात थोडी फट राहिली. भेगांच्या वर आलेल्या कडा कापून पृष्ठभाग सपाट केल्याशिवाय ते नीट बसत नाही, ही गोष्ट सूचनापत्रकात ठळकपणे यायला हवी होती. चिकटवण्यासाठी लावलेले सिलिकॉन वाळेपर्यंत वजन ठेवून दाबणेही आवश्यक आहे. पोत मूळच्यापेक्षा किंचित चकचकीत आहे, त्यामुळे दुपारी काचेत प्रतिबिंब दिसते. माझी खरी नाराजी एवढीच.

प्रवाशाकडील एअरबॅग डॅशबोर्डच्या वरच्या भागातून उघडत असेल, तर तो भाग झाकणारे आवरण घेऊच नये. आतला सांगाडाच तुटला असेल, तरीही हे उत्पादन निरुपयोगी आहे.