पायझो हायड्रोफोन किट: बोर्ड चांगला, पण पहिला रेझिस्टर बदला

हायड्रोफोन म्हणजे पाण्याखालचा मायक्रोफोन. ऑनलाइन मिळणाऱ्या या किटात २७ मिमीची पितळी पायझो चकती (कंपनांचं व्होल्टेज करणारी), टीएल०७२ या आयसीचा प्रीॲम्प (आवाजाचा सिग्नल मोठा करणारा) बोर्ड, ९ व्होल्ट बॅटरीची क्लिप आणि ५ मीटर शिल्डेड वायर येते. रंकाळ्यात किंवा पंचगंगेच्या घाटावर पाण्याखालचं ऐकायचं असेल तर घेण्यासारखं आहे, पण आहे तसं पाण्यात सोडू नका.

खरी चूक बोर्डाच्या इनपुटला आहे. तिथे १० किलोओहमचा रेझिस्टर लावलाय. चकती म्हणजे साधारण २० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, त्यामुळे या रेझिस्टरबरोबर ८०० हर्ट्झखालचा आवाज पडतच जातो. मग लोक गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) वाढवतात आणि वाढते ती खरखर. १ मेगाओहम लावा, आवाज पडायला लागतो ती हद्द, म्हणजे कटऑफ, ८ हर्ट्झवर येते. वारं सुटून लाटांनी ॲम्प क्लिप व्हायला, म्हणजे सिग्नल जास्त होऊन आवाज फाटायला लागला तर २२० किलोओहम, म्हणजे ३६ हर्ट्झ, बरा.

आयसी बदलू नका. एनई५५३२ कमी नॉइजचा म्हणून प्रसिद्ध आहे, पण १०० हर्ट्झला या चकतीचा इम्पिडन्स (एसी सिग्नलला होणारा विरोध) ८० किलोओहम असतो आणि त्यावर एनई५५३२ चा करंट नॉइज (आयसीच्या इनपुटच्या करंटमधली खरखर) टीएल०७२ पेक्षा जास्त खरखर करतो. १०० किलोओहम आणि १ किलोओहमचा १०१ पट गेन योग्यच आहे. बँडविड्थ, म्हणजे बोर्ड नीट वाढवतो त्या आवाजाची वरची हद्द, ३० किलोहर्ट्झच्या आसपास राहते.

सीलिंग मात्र कच्चं. नुसती हीटश्रिंक (गरम केल्यावर आकसणारी) नळी पाणी अडवत नाही. वायरचं पीव्हीसी पॉलिश पेपरने खरवडा, नाहीतर एपॉक्सी त्याला धरत नाही आणि पाणी वायरच्या कडेनेच आत शिरतं. एपॉक्सी पातळ थरांत ओता, बुडबुडा राहू देऊ नका. वायर जोडताना चकतीच्या चंदेरी बाजूवर सोल्डरिंग आयर्न दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. मग सील केलेली चकती बोर्डापासून सुटी ठेवून २४ तास बादलीत बुडवा. वायरच्या दोन टोकांना लावलेला मल्टिमीटर २० मेगाओहम रेंजवर ओपन (रेंजच्या पलीकडे) दाखवत नसेल तर गळती आहे. अशा चकतीचा आधी खर्जच जातो.

रेकॉर्डरही बॅटरीवरच चालवा, चार्जर लावला की ५० हर्ट्झची घरघर आलीच. नदीकाठी मात्र प्रत्येक घरघर वायरची नसते. शेतीपंपाची २८८० आरपीएमची मोटर पाण्यात ४८ हर्ट्झला ऐकू येते. स्पेक्ट्रममध्ये (कुठल्या हर्ट्झला किती आवाज आहे त्या आलेखात) रेघ नेमकी ५० वर आहे की थोडी खाली, एवढं बघा.