एटॅन, एटॅन२, एकॉस की एसाइन: कोडमध्ये कोन काढायला काय घ्यावं?

एटॅन, एटॅन२, एकॉस आणि एसाइन (atan, atan2, acos, asin) ही बाजूंवरून किंवा त्यांच्या गुणोत्तरावरून उलटा कोन काढून देणारी फंक्शनं. प्रोजेक्टमध्ये कोन काढायची वेळ आली की आधी हातात काय आहे ते बघा. आडवी आणि उभी अशा दोन्ही बाजू चिन्हासकट माहीत असतील, तर एटॅन२ घ्या. नुसतं गुणोत्तर असेल तर एटॅन पुरतं. फक्त कोसाइनची किंमत असेल तर एकॉसला पर्याय नाही. एसाइनची खरी गरज फार थोड्या वेळा पडते.

एटॅन आणि एटॅन२ यांतला फरक सोलापूरच्या नकाशावर लगेच कळतो. सोलापूर साधारण १७.६६ उत्तर, ७५.९१ पूर्व, अक्कलकोट १७.५२ उत्तर, ७६.२० पूर्व. रेखांशातला फरक अक्षांशाच्या कोसाइनने, म्हणजे इथे ०.९५३ ने, गुणून घ्यायचा. मग अक्कलकोट पूर्वेला ०.२७६ आणि उत्तरेला उणे ०.१४ अंश येतं. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजायचं, म्हणून एटॅन(पूर्व/उत्तर) केलं तर उत्तर येतं उणे ६३ अंश, म्हणजेच २९७. बाण अक्कलकोट सोडून मोहोळच्या अंगाला वळतो! एटॅन२(पूर्व, उत्तर) मात्र ११७ अंश देतं, आणि तेच बरोबर आहे. भागाकार झाला की कोणती बाजू उणे होती ही माहिती पुसली जाते. एटॅन२ दोन्ही बाजू वेगळ्या घेतं, म्हणून चारही चतुर्थांश, म्हणजे दोन अक्षांनी पाडलेले चार भाग, ओळखतं.

ही चूक लपून कशी राहते तेही बघा. तुळजापूर सोलापूरच्या उत्तरेला आणि जरा पूर्वेला आहे, दोन्ही फरक अधिक. तिथे दोन्ही फंक्शनं साडेतेवीस अंशांच्या आसपास सारखंच उत्तर देतात. चाचणी तेवढ्यावर उरकली की कोड पास, आणि मंगळवेढ्याची दिशा नैऋत्येऐवजी ईशान्य दाखवली जाते. म्हणून चाचणीला चार दिशांची चार गावं घ्या.

एटॅनला आणखी दोन दुखणी आहेत. गाव बरोबर पूर्वेला असेल तर छेद शून्य होतो आणि पायथन तिथेच एरर देऊन थांबतो. सी आणि जावामध्ये दोन्ही संख्या पूर्णांक असतील तर ३/४ चं आधीच ० होतं आणि एटॅन इमानाने शून्य अंश सांगतं. तरीही उताराचा कोन काढायला एटॅन चांगलं आहे: १२ ला १ चढाचा रॅम्प म्हणजे ४.७६ अंश, तिथे चतुर्थांशाचा प्रश्नच नाही.

एटॅन२ चं उत्तर अंशांत मांडलं तर उणे १८० ते १८० मध्ये येतं. होकायंत्रासाठी ३६० मिळवून ३६० ने भागल्यावरची बाकी घ्या. आधी मिळवायचं, कारण सीमध्ये उणे संख्येची बाकी उणेच राहते. दोन्ही बाजू शून्य असतील तर सी आणि पायथन तक्रार न करता शून्य देतात. जीपीएसच्या लागोपाठच्या दोन नोंदी तंतोतंत सारख्या आल्या तर उभी गाडी ‘उत्तरेला चालली’ असं दिसतं. अंतर किमान काही मीटर बदलल्याशिवाय दिशा काढूच नका.

एकॉस सगळ्यात जास्त घात करतं ते लहान कोनांवर. शून्याजवळ कोसाइन जवळपास सपाट असतं, त्यामुळे कोन बदलला तरी किंमत १ ला चिकटून राहते. पृथ्वीवरचं अंतर कोसाइनच्या सूत्राने काढताना हे फार जाणवतं. ३२ बिटच्या फ्लोटमध्ये (दशांश संख्या साठवायचा चार बाइटचा प्रकार) १ च्या लगेच खालची संख्या घेऊन एकॉस काढा, ६३७१ किलोमीटर त्रिज्येने गुणा: २.२ किलोमीटर. त्यापुढची पायरी ३.१, मग ३.८. मधलं काही मिळतच नाही. सोलापूर शहरातली बरीच अंतरं यात शून्य तरी होतील नाहीतर २.२. आर्डुइनो उनो या छोट्या प्रोजेक्ट बोर्डाच्या आर३ पर्यंतच्या आवृत्त्यांवर तर डबल (एरवी आठ बाइटचा, जास्त अचूक प्रकार) लिहिलं तरी ते चार बाइटचं फ्लोटच असतं. लॅपटॉपवरच्या खऱ्या डबलमध्ये हीच पायरी दहा सेंटिमीटरच्या आत येते, म्हणून तिथे कोड नीट चालतो आणि बोर्डवर टाकल्यावर बिघडतो. उपाय हॅवरसाइन सूत्राचा, शेवटी एटॅन२(√a, √(१−a)) ची दुप्पट; a ही त्या सूत्रातली मधली किंमत. नुसतं शहरापुरतं अंतर हवं असेल तर वरच्यासारखे दोन फरक काढून पायथागोरस लावा, उलटं फंक्शन लागतच नाही.

दुसरा धोका राउंडिंगचा. दोन एकक (लांबी १ असलेल्या) सदिशांचा डॉट गुणाकार म्हणजे त्यांच्यामधल्या कोनाचं कोसाइन. तो १.०००००००२ झाला की एकॉस सीमध्ये नॅन (‘ही संख्याच नाही’) देतं, पायथनमध्ये व्हॅल्यूएरर. बहुतेक जण किंमत उणे १ ते १ मध्ये बांधून मोकळे होतात. त्याने एरर जाते, अचूकता येत नाही. क्रॉस गुणाकाराची लांबी आणि डॉट एटॅन२ ला देणं जास्त भरवशाचं. आणि वस्तू ३० अंशांच्या आत आहे का एवढंच हवं असेल, तर एकक सदिशांचा डॉट ०.८६६ पेक्षा मोठा आहे का ते तपासा. कोन काढायची गरजच नाही.

एकॉस शोभतं ते सूर्योदय-सूर्यास्ताच्या गणितात. २१ जूनला सोलापूरसाठी भर दुपार ते सूर्यास्त या कोनाच्या कोसाइनची किंमत उणे ०.१५५ येते, एकॉस ९८.९ अंश, त्याची दुप्पट करून तासाला १५ अंशांप्रमाणे दिवस १३ तास ११ मिनिटांचा. इथे किंमत आंधळेपणाने बांधू नका: ध्रुवाकडच्या गावांसाठी ती उणे १ ते १ च्या बाहेर गेली तर त्या दिवशी सूर्य उगवत नाही किंवा मावळत नाही, असा तिचा अर्थ असतो.

सोलर पॅनेलसाठी सूर्याची दिशा मात्र एसाइनने काढू नका. ते उणे ९० ते ९० च्या बाहेर जात नाही, त्यामुळे सूर्य उत्तरेला की दक्षिणेला हे कळत नाही. सोलापुरात २१ जूनला भर दुपारी सूर्य डोक्यावरून सुमारे पावणेसहा अंश उत्तरेला असतो, त्यामुळे तो दक्षिणेलाच धरणारा कोड इथे उलटा चालतो. झुकाव मोजणाऱ्या सेन्सरवरही तसंच: धक्क्याने नोंद १.०२ जी (गुरुत्वाच्या १.०२ पट) झाली की एसाइन नॅन देतं, एटॅन२ देत नाही.

एक्सेल आणि गुगल शीट्समध्ये गणित पडताळणार असाल तर जपून. सी, जावा, पायथनमध्ये एटॅन२ ला उभी बाजू आधी देतात, शीटमध्ये आडवी आधी. (वर कोन उत्तरेपासून मोजला, म्हणून पूर्व उभ्या बाजूच्या जागी गेली.) शंका आली तर १ आणि ० देऊन बघा: १.५७ आलं तर पहिली जागा उभ्या बाजूची, ० आलं तर आडवीची. उत्तर रेडियनमध्ये असतं, अंशांसाठी ५७.२९५८ ने गुणा.